एक घंटी थांबायची

प्रिय माय,

तू गेल्यापासून चार वर्षांत तुला एकही पत्र लिहिलं नाही. तू होतीस तेव्हा तरी कुठे लिहिलं होतं? आपलं सगळं बोलणं फोनवर, तेही 'जेवली का?' आणि 'गाडी वेळेवर होती का?' एवढ्यात आटोपणारं. आज मात्र लिहिते आहे. बाहेरच्या खोलीत तुझ्या पुण्यस्मरणाची माणसं बसली आहेत. बुद्धवंदना झाली, वहिनी खीर वाढते आहे, आणि मी मागच्या खोलीत तुझ्या कॉटवर पाय दुमडून बसले आहे. सकाळी अमरावतीहून इथे अकोटला येताना दर्यापूरच्या रस्त्यावर जे घडलं, ते बाहेर सांगितलं तर म्हणतील, 'हे काय आजच्या दिवशी सांगणं!' म्हणून तुलाच सांगते. ते तुझंच आहे.

आणि खीर मला चालतही नाही. हो माय, मलाही लागली शुगर. तिच्या मागोमाग बीपी, आणि आता लघवीतून प्रथिनं जायला लागलीत, म्हणजे किडनीने दार वाजवलं. तुझी सोन्याची पोत वहिनीकडे गेली आणि माझ्या वाट्याला हे आलं. ही वाटणी कोणी केली म्हणायची?

गेल्या आठवड्यात राजापेठेतल्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेले होते. माझा गणिताचा क्लास आहे ना, त्याच्या मागच्याच गल्लीत त्यांचा दवाखाना. त्यांनी माझे कागद चाळले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, दोन गोळ्या पुऱ्या डोसात चालू आहेत, तरी तुमचा बीपी औषधाला जुमानत नाही. आता एक पाण्याची गोळी वाढवू."

मला एकदम हसू आलं. डॉक्टरांना वाटलं, बाई घाबरली.

जुमानत नाही! हा शब्द मी कितीदा ऐकला आहे, सांग ना! तुझ्या एसटी डेपोत हेच म्हणायचे. 'लताबाई कोणाले जुमानत नाही.' आजी हेच म्हणायची. बाबा तर तुझी ओळख करून देतानाच हसत हसत हेच म्हणायचे. आणि खोटं काय होतं त्यात? खाकी साडी नेसून, खांद्याला चामडी बॅग अडकवून तू गाडीत चढलीस की ती गाडी तुझी. एका पुढाऱ्याचा भाचा तिकीट काढत नव्हता, तेव्हा मी मागच्या सीटवर होते. तू दोरी ओढलीस, एक घंटी, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. "मामाले फोन लावाचा असन तं खाली उतरून लाव. माह्या गाडीत तिकीट लागते." तो उतरला, माय! बाभळीच्या सावलीत फोन लावत उभा राहिला आणि तू दोन घंट्या मारल्यास.

एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायची. सुट्ट्यांमध्ये तुझ्याबरोबर फिरताना अबकडच्या आधी मला हे पाठ झालं. दोरी माझ्या डोक्यावरून जायची. हात शिवशिवायचे. पण तुझा कायदा कडक. "दोरीले हात लावला तं हात मोडीन. घंटी कंडक्टरची असते." इतक्या वर्षांत मी ती कधी ओढली नाही.

मग तुझे पाय सुजायला लागले. शुगर आधीपासूनच होती, तिला तू पाहुण्यासारखी घरात ठेवली होतीस. तपासण्या झाल्या, किडनीवर आल्याचं कळलं, आणि बीपी बघतो तर एकशे ऐंशीच्या वर! तुला अमरावतीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. एक गोळी झाली, दोन झाल्या, तीन, मग चार. तू सगळं पाळलंस. मीठ सोडलंस, तू! बिनमिठाचा ठेचा भाकरीला लावून म्हणालीस, "अळणी ठेचा आन मुकी नणंद, दोन्ही काय कामाचे?" सासरचं आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं, जिथे हातपंपाचं पाणीच खारट, तिथे जन्म काढलेल्या बाईला मीठ सोडा म्हणणं सोपं असतं का? तरी सोडलंस. रक्तात पोटॅशियम वाढलं म्हणून संत्रीही गेली. शेंदूरजनाघाटच्या बागांत लहानाची मोठी झालेली तू! मामा थैली भरून संत्री आणायचा. तू सोलायचीस, फोडी आम्हाला द्यायचीस आणि बोटं नाकाशी धरून बसायचीस. मला ते बघवायचं नाही.

एवढं करूनही दर महिन्याला डॉक्टरांच्या कपाळाला आठ्याच. "गोळ्या नियमित घेता ना?" "घेतो." "सगळ्या?" "घेतो नं, सायेब." त्यांनी कागदावर लिहिलं, औषधाला न जुमानणारा रक्तदाब. आणि पाचवी गोळी.

माय, का नाही गं सांगितलंस?

त्यातली एक गोळी पाण्याची होती. अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ लघवीवाटे बाहेर काढणारी. तिच्याशिवाय बाकीच्या चार गोळ्यांचं काही चालत नाही, कारण पाणी साचलेलं तसंच. पण ती घेतली की तासाभरात जावं लागतं. पुन्हा थोड्या वेळाने जावं लागतं. आणि तू कुठे असायचीस? पहाटेच्या गाडीवर. वाटेत बाईने जावं अशी जागा कुठे होती? जिथे होती तिथे दार नव्हतं, दार होतं तिथे कुलूप होतं. ड्रायव्हर काका गाडी बाजूला घ्यायचे, सगळे पुरुष कडेकडेने पाठमोरे उभे राहायचे आणि बायका खिडकीतून दुसऱ्या बाजूचं कपाशीचं शेत बघत बसायच्या. तू पैसे मोजत असल्याचं सोंग करायचीस. मी पाहिलं आहे.

म्हणून ड्युटीच्या दिवशी ती गोळी तू घ्यायचीच नाहीस. पाणीही प्यायची नाहीस. सुट्टीच्या दिवशी मात्र इमानाने घ्यायचीस. आणि गंमत बघ, डॉक्टरकडे जायच्या दिवशीही घ्यायची नाहीस, कारण अकोटहून अमरावती म्हणजे पुन्हा तीच गाडी, तोच रस्ता! गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी मात्र रोज. तिला तू औषध मानतच नव्हतीस. उभं राहायचं म्हणून ती खायची, जशी सुपारी खातात. ती बीपी चढवते आणि किडनीही खाते, हे तुला कोण सांगणार? तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं, आणि त्यांनी विचारल्याशिवाय तू सांगणार कशी!

विचारलं ते अकोल्याच्या वॉर्डातल्या त्या पोरीने. डॉक्टर होती ती, पण पोरगीच. तुला दम लागला म्हणून आम्ही अकोल्याला धावत नेलं होतं, आठवतं? तिने बीपीचा पट्टा हातात घेतला, तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पट्टा खाली ठेवला. "मावशी, आधी बाथरूमले जाऊन या. तुंबून ठेवलं की बीपी उगाच जास्त दिसते. मग मोजू."

तू तिच्याकडे असं बघितलंस, जशी काही कोणी तुझी चोरी पकडली.

परत आलीस. तिने मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. मग गोळ्यांची पाकिटं तुझ्यासमोर पांढऱ्या चादरीवर ठेवली आणि विचारलं, "यातली कोणती आवडत नाही तुमाले?" गोळ्या घेता का, असं नाही. कोणती आवडत नाही! तू त्या छोट्या गोळीवर बोट ठेवलंस.

"काहून?"

"बाई, तुमी येष्टीत बसल्या का कधी?"

"मी मूर्तिजापूरची हाय, मावशी. कॉलेजले रोज येष्टीनंच येत होती. पाणी नाही पेत होती दिवसभर."

मग तुम्ही दोघी हसायला लागलात. आणि हसता हसता तू रडायला लागलीस. मी तुला बाबा गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर थेट तेव्हा. "त्या डॉक्टर सायबाले मुताची गोष्ट कशी सांगू मी? माणूस हाय तो."

तिने एवढंच केलं, दुखण्याची गोळी बंद केली आणि पाण्याच्या गोळीची वेळ बदलली. ड्युटी संपवून दुपारी घरी आलीस की घ्यायची. पहिले काही दिवस जास्त जावं लागेल, मग अंग सरावतं, म्हणाली. रक्त वेळेवर तपासत राहायचं, म्हणाली. महिन्याभरात तुझा बीपी एकशे चाळीसच्या आत आला. तोच बीपी, तीच बाई, त्याच गोळ्या! ऐकत होता माय तुझा बीपी, चांगला ऐकत होता. सगळ्या डिपार्टमेंटला न जुमानणारी तू, पण तुझा रक्तदाब गरीब गाय निघाला.

पण उशीर झाला होता. मधल्या वर्षांनी किडन्या खाऊन टाकल्या होत्या. पुढचं तुला मी काय सांगू? डायलिसिसच्या खुर्चीत तू बसत होतीस, मी नाही. एक दिवस हृदयानेच हात वर केले.

तुझ्या जलदान विधीला आलेली माणसं काय म्हणाली माहीत आहे? "ऐकत नव्हती ना. पथ्य पाळत नसेल." ऐकत नव्हती! मला इतका राग आला की हातातला पेला मी तिथेच आपटला. अजून येतो. आज दादाने बॅनरवर तुझ्या फोटोखाली लिहून आणलं होतं, 'सोशिक, प्रेमळ मातोश्री'. सोशिक? मी त्याला म्हटलं, खोड तो शब्द. तो म्हणाला, छापून आलं आहे आता. मी वहिनीची टिकल्यांची पट्टी मागितली आणि 'सोशिक'वर ओळीने लाल टिकल्या लावल्या. नुसती 'प्रेमळ मातोश्री' उरली. दादा म्हणाला, "तू बी मायवरच गेली." चांगलं वाटलं.

पण खरं सांगू? एक गोष्ट मी तुला माफ केलेली नाही. पुढाऱ्याच्या भाच्यासाठी तू गाडी थांबवलीस. बाळंतीण बाईसाठी थांबवलीस, कोणाची चप्पल खिडकीतून पडली म्हणून थांबवलीस. घंटी तुझी होती, दोरी तुझ्या हातात होती. स्वतःसाठी एकदा, फक्त एकदा ओढली असतीस! बाकी कोणाला घाबरली नाहीस आणि लघवीला लाजलीस? असली कसली लाज गं, जिने माझी माय खाल्ली?

म्हणून मी त्या राजापेठेतल्या डॉक्टरांना तिथेच म्हटलं, "डॉक्टर, पाण्याची गोळी देताय, पण माझा क्लास तिसऱ्या मजल्यावर आहे, बाथरूम तळमजल्यावर आणि त्याची चावी पानवाल्याकडे. मी दर शनिवारी गावाला एसटीने जाते. आता सांगा, कधी घ्यायची?" ते गोंधळले. मग खुर्ची पुढे ओढून नीट बोलले. वेळ ठरवून दिली, सुरुवातीचे दिवस सांभाळा म्हणाले, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून दाखवा म्हणाले, घरी मशीनवर बीपी बसून मोजा म्हणाले. निघताना म्हणाले, "हे सगळे पेशंट सांगत का नाहीत?" मी म्हटलं, "तुम्ही विचारत का नाही?" भले माणूस आहेत. हसले आणि मान हलवली. पानवाल्याकडची चावी मी त्याच संध्याकाळी क्लासच्या खिळ्यावर आणून टांगली. मालकाला म्हटलं, मुली पण फी भरतात.

आता आजचं ऐक.

शनिवारी गोळी उशिरा घ्यायची मुभा होती मला. पण आज तुझा दिवस. मुद्दाम सकाळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि लाल गाडीत बसले. कंडक्टर बाईच होती, नवीन, काटक, चेहऱ्यावर तुझ्यासारखाच 'सुटे द्या' लिहिलेलं. वलगावच्या पुढे ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, माणसं उतरली, बाभळींना पाणी घालून परत चढली. दोन घंट्या, गाडी निघाली. खोलापूर मागे पडलं आणि मला लागली.

मी कंडक्टरला सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, दर्यापूरले उतरा नं आता. आलंच समजा."

"माह्याच्यानं दम नाही निघत, बाई. गोळी घेऊन रायली मी किडनीची. समोर पेट्रोल पंप हाय, तिथं थांबवा."

तिने पुढे बघितलं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "गाडी लेट हाय." माझ्या मागच्या सीटवर एक टोपीवाले काका होते, त्यांना राहवलं नाही. "बायांनी घरूनच करून निघावं. गाडी का घरची हाय?"

"काका," मी म्हटलं, "आत्ता वलगावच्या पुढं तुमी त्या बाभळीमागं कोणता नवस फेडाले गेले होते?"

अख्खी गाडी हसली. पण गाडी थांबली नाही. पंप जवळ येत होता. कंडक्टर पोरीचा हात दोरीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी तो हात ओळखला, माय. तो तुझा हात होता.

मी उठले आणि दोरी ओढली. एक घंटी.

पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, तरी वाटलं, आता तू मागून येशील आणि हात मोडशील! गाडी पंपावर थांबली. मी उतरले. पंपावरच्या माणसाने सांगितलं, लेडीजला कुलूप आहे, चावी मॅनेजरकडे. मी म्हटलं, मॅनेजर कुठे आहे? जेवायला गेला. मी म्हटलं, "मंग त्याले बोलावा, नाही तं मी त्याच्या खुर्चीवर बसतो." चावी ड्रॉवरमध्येच निघाली. ती नेहमी ड्रॉवरमध्येच असते.

कुलूप काढून वळले तर काय! माझ्यामागे एक नऊवारीतली म्हातारी उभी. तिच्यामागे कॉलेजची पोट्टी, पाठीला बॅग. तिच्यामागे कडेवर लेकरू घेतलेली एक. तिच्यामागे आणखी. मी घंटी मारली तेव्हा यातली एकही बोलली नव्हती, आणि आता सगळ्या रांगेत! म्हातारी मला म्हणाली, "बरं केलं वं माय. अंबरावतीपासून दम धरून बसली मी."

सगळ्यांच्या शेवटी ती कंडक्टर. खांद्याची बॅग घट्ट धरून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "मॅडम, दोन मिनटं दारात उभ्या राहा. कोणाले घंटी मारू देऊ नका." आणि पळाली.

मी दारात उभी राहिले, माय. तुझ्या जागेवर, एक पाय पायरीवर, हात दांड्याला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी म्हटलं, "अजून बाया हायेत." टोपीवाले काका खिडकीबाहेर बघत होते, कपाशीच्या शेताकडे. बघू दे म्हटलं, आपण जन्मभर तेच बघितलं.

ती तोंडावर पाणी मारून परत आली. शेवटची बाई चढली. कंडक्टरने वर दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आता तुमीच मारा."

माय, मी तुझा कायदा मोडला. आणि पुन्हा मोडणार आहे. ही छोटी गोळी मी ठरल्या वेळेला घेईन, क्लास असो की गाडी असो की कोणाचं लग्न असो. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय गिळणार नाही. डॉक्टरने नाही विचारलं तरी सांगेन, मोठ्याने सांगेन, त्या मूर्तिजापूरच्या पोरीसारखं कोणी भेटायची वाट बघणार नाही. आणि जिथे लागेल तिथे गाडी थांबवीन. माझा बीपी औषधाला जुमानेल, माय. मी कोणाला जुमानणार नाही.

वहिनी हाक मारते आहे, जेवायला चल म्हणून. जाते. आधी बाथरूमला जाऊन येते. बाहेर सगळे पाहुणे बसलेत, त्यांच्यामधूनच जावं लागतं. जाईन.

सगळ्या बाया चढल्याशिवाय दोन घंट्या न मारणारी,
तुझी
सुजाता